चार बदामी पडदे

पडदे गेले हे कळलं त्या दिवशी तोकोन शाळेत गुडघ्यांवर बसून वर्गाच्या लाकडी जमिनीला तपकिरी रंग देत होता.

ऑगस्ट संपत आला की शाळेचा निरोप यायचा. वर्ग रंगवायचा आहे, प्रत्येक घरातून एक मोठं माणूस, ब्रश घेऊन. रंग पालकांचा, ब्रश पालकांचा, गुडघेही पालकांचेच. तोकोन रस्तेखात्यात होता. सगळा हिवाळा तो मोठ्या यंत्राने घाटातलं बर्फ बाजूला सारायचा. त्या कामात त्याला कधी राग यायचा नाही, कारण बर्फ याद्या पाठवत नाही. शाळा पाठवते. यंदाची यादी त्याच्या खिशात होती. वह्यांची आवरणं पारदर्शक, रंगीत चालणार नाहीत. वर्गात घालायचे बूट वेगळे. मुलींच्या वेण्यांना पांढऱ्या फिती, रुंद, चमकणाऱ्या नकोत. शिवाय साबण, खडू, टॉयलेट पेपर, बादली, पोछा आणि कुंडीसकट एक झाड.

"मुलगी तिसरीत चाललीय की संसार मांडायला?" त्याने शेजारी रंग लावणाऱ्या बाईला विचारलं.

"हळू बोला," ती बाई म्हणाली. "दमीरा ऐकेल."

दमीरा ही पालक समितीची अध्यक्ष. तिच्या नवऱ्याचं बाजारात औषधाचं दुकान होतं. अंगाने भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त, आणि फोन कायम हातात. ती पालकांच्या ग्रुपवर लिहीत नसे, बोलून पाठवत असे, त्यामुळे सकाळी सकाळी अर्ध्या नारिन शहराच्या स्वयंपाकघरांत तिचा आवाज घुमायचा. आत्ता ती ओल्या रंगावर पाय पडू नये म्हणून दारातच थांबली होती. तिकडे मोठ्या पुरुषाला आदराने बाइके म्हणतात आणि मोठ्या बाईला एजे.

"तोकोन बाइके, पडदे कधी आणताय?"

"कुठले पडदे?"

आजूबाजूचे सगळे ब्रश थांबले.

"कुठले काय? वर्गाचे. बदामी. साल्किन एजेंनी लांब करायला नेले होते ते."

तेव्हा त्याला आठवलं. मुलं पहिलीत असताना पालकांनी मिळून वर्गासाठी ते कापड घेतलं होतं. बदामीच हवं, पिवळट नको, असा दमीराचा हुकूम होता. यंदा वर्ग वरच्या मजल्यावर जाणार होता, तिथल्या खिडक्या उंच, म्हणून साल्किनने चारही पडदे खाली जोड द्यायला घरी आणले होते. साल्किन तोकोनची बायको. मार्चभर ती मशीनवर बसायची, थकली की पलंगावर बसून हाताने टाचायची. एप्रिलमध्ये ती गेली.

"साल्किन एजेंच्या हातचं काम," दमीरा म्हणाली आणि क्षणभर तिचा आवाज खरोखर खाली आला. मग पुन्हा वर गेला. "ते सगळं खरं, पण एकतीस तारखेला हेडबाई वर्ग बघायला येणार. पडदे लागलेले हवेत."

"आणतो," तोकोन म्हणाला. "घरीच आहेत. पेटीत."

घरी पेटीत ते नव्हते.

पेटीवर गाद्यांची चळत होती. त्याने ती उतरवली, पेटी उलथीपालथी केली. गाद्यांमधून एक टाचणी निघाली, निळ्या डोक्याची. साल्किनच्या टाचण्या अजून अशाच कुठे कुठे निघायच्या. रात्री कुशीवर वळलं की टोचायच्या, मग तो झोपेतच शिवी हासडायचा आणि उठून ती टाचणी खिडकीतल्या कपात टाकायचा. कप अर्धा भरला होता. ही टाचणीही त्यात टाकून तो स्वयंपाकघरात गेला.

तिथे त्याची मोठी बहीण कुलिपा कणीक तिंबत होती. साल्किन गेल्यापासून तिने भावाचं घर ताब्यात घेतलं होतं. तिचं स्वतःचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, ते ती उरलेल्या वेळात चालवायची.

"एजे, पेटीत बदामी कापड होतं. चार पडदे, घडी घातलेले."

"पडदे? पडदे नव्हते बाई. कापड होतं एक छान. नवं कोरं, इस्त्री केलेलं."

"होतं?"

"ते मी आहेरात दिलं." कुलिपाने कणकेला एक गुद्दा मारला. "जुलैत माझ्या पोराचं लग्न नाही का झालं? विहीणबाईंना द्यायला एक आहेर कमी पडत होता. तूच म्हणालास, एजे, काय हवं ते घे, मला विचारू नकोस."

"मी तेव्हा काय बोलत होतो ते मला तरी कळत होतं का? अगं, घडी उलगडून बघायची तरी!"

"घडी मोडली की आहेराची शान गेली. आणलं तसं पिशवीत घातलं, वर लाल फीत बांधली. कोण उघडतं? मी दिलेला त्यांनी दुसऱ्याला द्यायचा, त्यांनी तिसऱ्याला. आपल्याकडे एक शाल चार वर्षांनी फिरून घरी आली होती, आठवतंय? आणि एवढा ओरडू नकोस, बाजारात बदामी कापड ढीगभर मिळतं."

"मला ढीगभर नको! मला तेच हवंय!"

दारात बेर्मेत उभी होती. आठ वर्षांची, हातात न बांधलेल्या पांढऱ्या फिती.

"बाबा, पडदे हरवले?"

"नाही हरवले. एका ठिकाणी ठेवलेत."

"मी सगळ्यांना सांगितलंय," ती म्हणाली. "नव्या वर्गात माझ्या आईचे पडदे लागणार म्हणून. एलनुराला पण सांगितलंय."

एलनुरा म्हणजे दमीराची मुलगी. तोकोनने जीपची किल्ली उचलली.

आता, दिलेला आहेर परत मागणं म्हणजे काय, हे त्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. दिलेली मुलगी परत मागावी तसंच ते. व्याह्यांच्या गावापर्यंतच्या वाटेवर तोकोनने निमित्तं जुळवली आणि मोडली. तेवढ्यात फोनमधून दमीरा बोलली. "प्रिय पालकहो, पडद्यांबाबत एका पालकांकडून उत्तर आलेलं नाही. मी नाव घेत नाही. तोकोन बाइके, कृपया उत्तर द्या." त्याखाली कोणी फूल पाठवलं, कोणी अंगठा.

"अंगठा दाखवतायत," तोकोन फोनला म्हणाला. "बोटं तोडली पाहिजेत एकेकाची."

विहीणबाई बूसारा त्याला फाटकातच भेटली आणि त्याला बघून रडायला लागली, कारण साल्किन गेल्यानंतर तो त्यांच्या दारात प्रथमच येत होता. मग आत जाणं आलं, दुआ आली, चहा आला, बोर्सोक या तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा ढीग आला, साय आली. रागाच्या भरात आलेल्या माणसाला एवढं खाऊ घातलं की राग पोटात दबून बसतो, मरत मात्र नाही. तिसऱ्या पेल्यानंतर तो म्हणाला, "विहीणबाई, लग्नात आमच्या कुलिपाने तुम्हाला एक बदामी कापड दिलं होतं. तिला तसंच आणखी हवंय. रंग जुळवायला जरा बघायला मिळेल का?"

"अगो बाई! ते तर मी आमच्या मामींना दिलं. उल्जान अपांना, आट-बाशीला. नातवाला पाळण्यात घातलं ना त्यांनी, तेव्हा. असं सुरेख कापड, मी म्हटलं, आपल्याकडे पडून काय उपयोग!"

"उघडून बघितलं होतंत?"

"मी? आहेर? मी काय अशी तशी बाई वाटले तुम्हाला?"

निघताना तिने त्याच्या डोक्यावर नवीकोरी पांढरी फेल्टची टोपी चढवली, कारण पहिल्यांदा दुःखातून बाहेर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. शिवाय कानात सांगितलं की तिच्या चुलत बहिणीचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, बाई कामाची आहे, गाईची धार स्वतः काढते.

"मला धार काढायची नाही," तोकोन म्हणाला. "मला पडदे हवेत."

"काय म्हणालात?"

"काही नाही. येतो."

दुसऱ्या दिवशी त्याने कामावर रजा टाकली आणि घाट ओलांडून आट-बाशीला गेला. याच घाटात हिवाळ्यात तो यंत्रावर बसून बर्फ सारायचा, आणि साल्किन थर्मासमध्ये चहा भरून द्यायची. थर्मास आता कुलिपा भरायची. त्यात साखर घालायची. त्याला साखर चालत नाही हे तिला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. वाटेत दमीरा पुन्हा बोलली. "प्रिय पालकहो, बाकीच्या वर्गांचे पडदे लागलेत. आपली खिडकी एखाद्या दात पडलेल्या तोंडासारखी दिसतेय." तोकोनने फोन मागच्या सीटवर फेकला. फोन तिथूनही बोलत राहिला.

उल्जान अपा ऐंशीच्या घरातल्या. ऐकू कमी येई, बोलणं जास्त होई. त्यांनी तोकोनला शेजारी बसवून त्याचा हात धरला आणि साल्किनबद्दल, आपल्या मेलेल्या नवऱ्याबद्दल आणि मेलेल्या घोड्याबद्दल सांगितलं, साधारण त्याच क्रमाने. घोड्याबद्दल जास्त वेळ लागला. भिंतीशी पेटीवर आहेरांची उतरंड लागली होती, प्रत्येक पिशवीला लाल फीत. त्यांच्या घरात नातवंडं बरीच होती आणि पाळणे वारंवार भरत.

"अपा, बदामी कापड!" तोकोन त्यांच्या कानाशी ओरडला. "बूसाराने दिलेलं!"

"हां, ते! ते गेलं की रे. एका पाहुणीला दिलं."

"कोणाला?"

"आमच्या जावयाची बहीण आली होती, नारिनहून. औषधवाल्याची बायको. थोराड बाई. एका हातात मटणाचं हाड, दुसऱ्या हातात फोन. जेवतानाही कोणाला तरी ओरडत होती बघ, पडद्यांवरून."

तोकोन उभाच राहिला.

"दमीरा?"

"असेल. बस ना. सून काही आणतेय."

सुनेने पेटीवरून हाताला लागली ती पिशवी आणून त्याच्या हातांवर ठेवली. अपांनी वर एक शर्ट ठेवला, आशीर्वाद दिला आणि विचारलं, "बेटा, पुन्हा लग्नाचं काय? आमच्या गल्लीत एक आहे, जरा लंगडते, पण पळायचंय कुणाला?" तोकोनने सगळं काखेत मारलं आणि बाहेर पडला. जीपमध्ये ते टोपीवर भिरकावलं आणि नारिनपर्यंत एकदाही ब्रेकवर पाय न ठेवता आला, असं तो अजून सांगतो. घाट बघितलेल्या माणसाचा यावर विश्वास बसत नाही.

म्हणजे पडदे तिच्याच घरात! रोज सकाळी जी ओरडत होती तिच्याच कपाटात, लाल फीत बांधून!

शाळेत सगळे होते. दमीरा होती, वर्गशिक्षिका जिबेक एजे होत्या, रंग लावणारी बाई होती, आणखी चारपाच पालक बाकं लावत होते. बेर्मेत आणि एलनुरा फळ्यावर 'स्वागत' लिहीत होत्या. उघड्याबोडक्या खिडकीतून डोंगर स्वच्छ दिसत होते.

"पडदे तुमच्या घरात आहेत," तोकोन दारातूनच म्हणाला.

"काय?"

"आट-बाशीला पाळण्याच्या कार्यक्रमाला गेला होतात. उल्जान अपांनी आहेर दिला. उघडून बघितलात?"

"आहेर कोण उघडतं?" दमीरा म्हणाली. पण तिचा चेहरा जरा उतरला. तिने नवऱ्याला फोन लावला. "अहो, शयनघरातल्या कपाटात, वरच्या फळीवर, लाल फितीची पिशवी. आत्ता. दुकान बंद करा, मग घेऊन या. ज्याला गोळी हवीय तो थांबेल!"

औषधवाला धापा टाकत आला. सगळे गोल करून उभे राहिले. तोकोनने हाताची घडी घातली. गेले कित्येक महिने त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. दमीराने फीत सोडली, आत हात घातला आणि बाहेर ओढलं.

चादर होती. जांभळी, आणि तिच्यावर कोबीएवढाले लाल गुलाब.

आधी औषधवाला हसला. मग सगळेच हसले. जिबेक एजेंनी फळ्याकडे तोंड केलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

"हे लावू वर्गात?" दमीराने चादर पसरून खिडकीला धरली. तिचा आवाज परत आला होता. "तोकोन बाइके, पडदे माझ्या घरात आहेत म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत. साल्किन एजे असत्या तर असं झालं नसतं. उद्या हेडबाई येणार. नवे आणा, बदामी, आणि पिवळट नकोत."

एलनुरा फळ्यापाशी बेर्मेतला म्हणाली, "बघ, नाहीच आहेत." बेर्मेतने खडू खाली ठेवला.

तोकोनने ते बघितलं, आणि दोन दिवस साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"साल्किन असती तर! साल्किन असती तर मला तुमचं तोंड बघावं लागलं नसतं! ती तुमच्या याद्या वाचायची आणि मला दाखवायची नाही, माझं डोकं फिरेल म्हणून. बरोबर करायची! पारदर्शक आवरणं! वह्या काय आंघोळीला जाणारेत? पोछा! बादली! माझ्या पोरीने अजून घरात झाडू हातात धरलेला नाही आणि तिच्या नावावर एक पोछा आहे! मरायला टेकलेली बाई मार्चभर तुमच्या खिडक्या मोजत बसली. मी म्हटलं, सोड ते. तर म्हणते, तीन बाय दोन आहेत, मागच्या वेळी आखूड पडले होते. औषध प्यायचं विसरायची, पण खिडकीचं माप नाही विसरली!"

कोणी हसत नव्हतं.

"कापड हवंय ना तुम्हाला? थांबा!"

तो खाली गेला. जीपमधलं सगळं उचलून वर आला आणि दमीराच्या पायाशी टाकलं.

"घ्या! पडदे शोधत फिरलो, तर ज्याने त्याने काही ना काही गळ्यात मारलं. टोपी घ्या, शर्ट घ्या, ही पिशवी घ्या. लावा खिडकीला! टोपी मधोमध लावा, हेडबाईंना आवडेल!"

दमीराचं नाक लाल झालं होतं. रडायचं की भांडायचं हे तिचं ठरत नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून ती खाली वाकली, पिशवीची फीत ओढली आणि आत हात घातला.

"आई गं!"

तिने हात झटक्यात बाहेर काढला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता, आणि बोटात अडकलेली एक टाचणी. निळ्या डोक्याची.

तोकोन टाचणीकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि पिशवी पालथी केली. बदामी कापड सगळ्या जमिनीवर पसरलं. चार पडदे. आट-बाशीच्या सुनेने ज्या ढिगातून हाताला लागेल ते उचललं होतं, त्याच ढिगात ते होते. अपांना वाटलं होतं ते औषधवालीला गेले. औषधवालीला गुलाब गेले होते. आणि तोकोन स्वतःच्या जीपमध्ये पडदे घालून, ते शोधायला घाट उतरला होता.

"उघडून बघायचं तरी," औषधवाला हळूच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," दमीरा म्हणाली.

पडदे लावले. तोकोन बाकावर चढला, औषधवाल्याने बाक धरलं. माप बरोबर होतं, जमिनीपासून चार बोटं वर. तीन पडद्यांची खालची दुमड मशीनने सरळ शिवलेली होती. चौथ्याची नुसती टाचलेली होती, निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या टाचण्यांनी, या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत. शेवटच्या वीतभर जागेत टाचण्याही नव्हत्या.

"मी घरी नेऊन शिवून आणते," दमीरा म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे. हेडबाई..."

"हात लावू नका."

"बरं."

"ती बाजू भिंतीकडे घ्या," बेर्मेत म्हणाली, "म्हणजे कुणाला टोचणार नाही." आणि मग एलनुराकडे वळून: "माझ्या आईचे आहेत. सांगितलं होतं ना."

एक सप्टेंबरला घंटा झाली. बेर्मेतच्या डोक्यावर दोन पांढरी फुलं होती, एक कानाशी, एक मानेवर, कारण तोकोनने फिती बांधायचा सराव किटलीच्या मुठीवर केला होता आणि किटलीला मूठ एकच असते. यादीतलं झाडही दिलं. कुलिपाने कुंडीत कांदा लावून पाठवला होता.

त्या संध्याकाळी हेडबाईंचा निरोप ग्रुपवर आला. यंदापासून सगळ्या शाळेत कापडी पडदे काढून पट्ट्यांचे पांढरे पडदे लावायचे, खर्च पालकांनी वाटून घ्यावा. तोकोन उठून उभा राहिला. इतका राग एकाच माणसात मावत नाही.

ग्रुपवर या वेळी फूल नाही, अंगठा नाही. मग दमीराचा आवाज आला.

"हेडबाई, नमस्कार. तिसरीच्या वर्गातले पडदे निघणार नाहीत. ज्यांना काढायचे असतील त्यांनी आधी माझ्याकडे यावं."

तोकोनने ते दोनदा ऐकलं. तरी त्याचा राग गेला नाही. पण त्याने फोन हातात घेतला, ते चिन्ह कुठे असतं ते बेर्मेतला विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अंगठा पाठवला.

आता ऑक्टोबर उजाडला आहे. घाटात पहिलं बर्फ पडलं. दमीराने दोनदा विचारलं, जिबेक एजेंनी एकदा, आणि तोकोन प्रत्येक वेळी म्हणाला, मी शिवतो, मला येतं. त्याला येत नाही. मशीन खिडकीशी आहे, त्यात बदामी दोरा साल्किनने ओवलेला आहे तसाच आहे. चौथ्या पडद्याची दुमड शिवायची राहिली आहे.